अठरा हजारांतला एक

साताऱ्यात कुणी विचारलं, "हल्ली काय करतेस?" आणि मी म्हटलं, "लोकांना गेम शोधून देते," की समोरचा माणूस जरा सावध होतो. गेम म्हणजे रमी, नाहीतर बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात पोरगं जातं, असा सर्वसाधारण समज. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून तर राजपथावर भेटणारे काका मला थेट विचारतात, "मग तुझं बंद झालं का ते?" त्याच कायद्याच्या नावात गेमिंगचं 'प्रोत्साहन'सुद्धा आहे, हे त्यांना सांगायला वेळ मिळत नाही, कारण तोवर ते पोवई नाक्याकडे वळलेले असतात.

मी शोधून देते ते छोटे गेम. एकट्याने, दोघांनी, फार तर दहाबारा जणांनी मिळून केलेले, मागे मोठी कंपनी नसलेले. जगभर त्यांना इंडी म्हणतात. माझी दिवसाची नोकरी वेगळी, हे संध्याकाळचं काम. सातारा आणि सांगलीतल्या ओळखीपाळखीच्या लोकांची एक व्हॉट्सॲप यादी आहे. दर शुक्रवारी तिच्यावर एका गेमचं नाव जातं: कुणी केला, किती जीबीचा, किती तासांत संपतो, कुणाला आवडेल. चारच ओळी, पण त्यांच्यासाठी आठवडाभर चाळण लावावी लागते.

चाळण कशाला, असं वाटेल, तर आकडा सांगते. संगणकावरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम. पूर्वी तिथे शिरायला खेळणाऱ्यांची मतं मिळवावी लागत. जून २०१७ पासून ती पद्धत गेली. आता १०० डॉलर भरायचे, कागदपत्रं द्यायची आणि गेम लावायचा. विक्री हजार डॉलरवर गेली की ते १०० परत मिळतात. दार उघडलं ते चांगलंच झालं, पण आत गर्दी झाली. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. इच डॉट आयओ नावाचं दुसरं ठिकाण आहे, लीफ कॉर्कोरनने २०१३ मध्ये सुरू केलेलं. तिथे तर शंभर डॉलरही लागत नाहीत, आणि विक्रीतला किती वाटा साइटला द्यायचा हेही गेम करणाराच ठरवतो. शून्य म्हटला तरी चालतं. तिथला साठा किती आहे हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.

या गर्दीत स्टीम पुढे कुणाला उभं करतं? ज्याच्यात लोक आधीच रस घेताहेत आणि ज्याच्यावर पैसे खर्च करताहेत त्याला. व्हॉल्व्ह हे लपवून ठेवत नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे, दुकान चालवायचं असतं. पण नवा गेम दहा रिव्ह्यू जमेपर्यंत बिनशेऱ्याचा राहतो, 'बहुतांशी चांगला' वगैरे शिक्का त्याच्यावर बसत नाही. त्यातही स्टीमवरून विकत घेतलेल्यांचेच रिव्ह्यू शेऱ्यासाठी धरतात. करणाऱ्याने दोस्तांना फुकट वाटलेल्या प्रतींचे धरत नाहीत. त्यामुळे पहिल्या दहा गिऱ्हाइकांना जेवढं वजन असतं तेवढं पुढच्या हजारांना नसतं. म्हणून गेम आवडला तर दोन ओळी लिहाच, असं मी यादीवरच्या लोकांच्या मागे लागते. लोक लिहीत नाहीत. आपल्याकडे चहा चांगला झाला तर कप खाली ठेवून माणूस निघून जातो, बिघडला तरच बोलतो.

गेमचं पान वाचायची माझी एक रीत बसली आहे. आधी ट्रेलर, तोही आवाज बंद करून. संगीत फार लबाड असतं, रिकाम्या गेमलाही ते खोल दाखवतं. मग थेट खाली जायचं, लॅपटॉप कसा लागतो ते बघायला. आमच्या यादीत निम्म्याहून जास्त लॅपटॉप पोराच्या ॲडमिशनला घेतलेले, चार किंवा आठ जीबी रॅमचे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले. इथेच बरेच देखणे गेम गळतात. त्यानंतर रिव्ह्यू, आणि आधी वाईट. चांगले रिव्ह्यू सगळे एकसारखे असतात, वाईटात माणूस बोलतो. 'सेव्ह उडाला' असं तिघांनी लिहिलं असेल तर पान बंद. 'फार संथ आहे, काही घडतच नाही' असं लिहिलं असेल तर मी सरसावून बसते, कारण नेमकं तेच हवं असलेली माणसं माझ्या यादीत आहेत. रिव्ह्यूच्या डोक्यावर त्या माणसाने किती तास खेळलं तेही स्टीम छापतं. 'भिकार गेम' आणि वर ६० तास, असं दिसलं की हसू येतं. शेवटी डेमो आहे का, आणि करणाऱ्याने शेवटची दुरुस्ती कधी केली, हे बघायचं. दोन वर्षांत हात लावलेला नसेल तर तो माणूस दुसऱ्या नोकरीला लागला असं समजावं.

एवढं करूनही काही गेम हाताशी असून पोचत नाहीत. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' पुण्याचा, नॉडिंग हेड्स गेम्सचा. साताऱ्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तयार झालेला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पुरा केला. १८ ऑगस्ट २०२० ला तो आला तो निन्टेन्डो स्विचवर, आणि ते यंत्र निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. पुण्यात झालेला गेम पुण्यात अधिकृतपणे न मिळणाऱ्या यंत्रावर आधी लागला. संगणकावर तो त्याच ऑक्टोबरात आला. वर्षअखेरीस द गेम ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पहिल्या गेमच्या नामांकनांत त्याचं नाव होतं. माझ्या यादीतल्या कितीतरी जणांनी ते मी सांगेपर्यंत ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकल्यावर त्यांच्या लॅपटॉपला तो झेपला नाही. गोव्याच्या अरमान संधूचे 'रेनस्वेप्ट' (२०१९) आणि 'फर्गॉटन फील्ड्स' (२०२१) त्या मानाने हलके. दुसऱ्यात एक लेखक विकायला काढलेल्या लहानपणीच्या घरी शेवटचा जातो. कोकणात घर असलेल्या एका गृहस्थांना मी तो मुद्दाम दिला. त्यांनी तो दोन बैठकांत संपवला आणि मला भावाशी चाललेल्या वाटणीची सगळी हकीकत ऐकवली.

उलट बाजूलाही बघा. 'अमंग अस' २०१८ मध्ये आला. करणारी माणसं मोजून तीन. दोन वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आधी कोरिया, ब्राझीलकडच्या आणि मग अमेरिकेतल्या स्ट्रीम करणाऱ्यांनी तो खेळून दाखवला आणि सांगलीतली पोरंसुद्धा 'रेड सस आहे', म्हणजे लालवर संशय आहे, म्हणून ओरडायला लागली. गेम तोच होता, फक्त कुणीतरी तो समोर ठेवला.

समोर ठेवायच्या बाबतीत मला भिलारची मांडणी आवडते. आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, मे २०१७ मध्ये सुरू झालेलं पुस्तकांचं गाव. एका घरात इतिहास, एका घरात कविता. माणूस स्ट्रॉबेरी खायला येतो, उन्हाला कंटाळून कुणाच्यातरी ओसरीवर टेकतो आणि समोरचं पुस्तक उचलतो. तुम्ही आधी काय वाचलंत, असं त्याला कुणी विचारत नाही. स्टीम मात्र आधी तेच बघतं. क्रिकेट खेळलात तर क्रिकेट, बंदुका चालवल्यात तर आणखी बंदुका. आणि ज्याने काहीच खेळलेलं नाही त्याच्यापुढे ठेवायला स्टीमकडे गर्दीचेच गेम उरतात.

माझ्या सांगलीच्या मावशीने काहीच खेळलेलं नव्हतं. विश्रामबागेत राहते, शाळेतून निवृत्त झाली, दुपारी मोबाइलवर पत्ते लावते. तिला विचारलं, "मावशी, गेम खेळणार?" तर म्हणाली, "पैसे नाही ना जात?" म्हटलं, "एकदाच, यूपीआयने, मीच भरलेत." मग 'वेनबा' लावला. टोरोंटोच्या विसाई गेम्सने २०२३ मध्ये काढलेला, १९८८ मध्ये कॅनडाला गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. आईने दिलेलं पाककृतींचं पुस्तक फाटलंय, डागाळलंय, आणि उरलेल्या ओळींवरून पदार्थ जमवायचा, असं त्याचं कोडं. २०२४ मध्ये त्याला बाफ्टाचं पदार्पणाचं बक्षीस मिळालं, पण मावशीला मी ते सांगितलं नाही. संवाद मी मराठीत वाचून दाखवत होते, माउस तिच्या हातात. पहिला पदार्थ इडली. ताटल्या रचायच्या वेळी मी हिंट उघडायला निघाले तर तिने माझा हात बाजूला केला. "अगं, खोलगट्यावर खोलगटा आला तर खालच्यांना वाफ कुठून लागणार? वरच्या ताटलीचं भोक खालच्या इडलीवर यायला हवं." ताटली फिरवून ठेवली आणि झालं. ज्या कोड्याशी मी पहिल्यांदा बराच वेळ झटापट केली होती ते तिने कोडं म्हणून पाहिलंच नाही. पुढे मुलगा घरच्या जेवणाला नाक मुरडायला लागतो तिथे ती चष्मा काढून पुसत बसली, आणि "आमचा पुण्याचा पण असाच" एवढंच म्हणाली.

गेम दीड तासात संपला. इथे एक कडू गोष्ट आहे. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. गिऱ्हाइकाला सोय चांगली, पण दीड तासाचा गेम पुरा बघून पैसे परत मागणारे निघतातच. छोटे गेम करणाऱ्यांचं पोट त्याच दोन तासांत आहे. मावशीची मागणी होती, पुढच्या वेळी वाचावं लागणार नाही असा आण. तिच्यासाठी 'गोरोगोआ' काढून ठेवला आहे, २०१७ चा. जेसन रॉबर्ट्सने हाताने काढलेल्या चित्रांचा, चार चौकटींतला. शब्द एकही नाही.

कुणाकडे किती वेळ आहे, तेही बघावं लागतं. मोहित्यांचे वडगाव सांगली जिल्ह्यातच. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. तिथली एक शिक्षिका माझ्या यादीत आहे. तिचा मेसेज साडेआठनंतरच येतो, आणि तिला मी कधीही पंधरा मिनिटांपेक्षा मोठा गेम पाठवत नाही.

काही वेळा गेम करणाराच समोर येऊन बसतो. सांगलीत इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरच्या एका पोराने इच डॉट आयओवर गेम टाकला होता, ब्राउझरमध्येच चालणारा. नाव 'ट्रॅक्टर सिम्युलेटर थ्रीडी'. या नावाचे किती असतील, विचारू नका. पानावरचं पहिलं वाक्य: हा माझा पहिला गेम आहे, प्लीज सपोर्ट करा. ट्रेलरमध्ये आधी कॉलेजचं बोधचिन्ह, मग सॉफ्टवेअरचं, मग चार मित्रांची नावं. गेम दिसेपर्यंत माणूस निघून गेलेला. आणि गेम होता मजेशीर! रात्रीची वेळ, आष्ट्याचा रस्ता, उसाच्या दोन ट्रॉल्या मागे, आणि तोल सांभाळत कारखान्याचा काटा गाठायचा.

पान आम्ही शेजारी बसून केलं. यादीत गेमचं जे चित्र दिसतं त्याचं सुचवलेलं माप ६३० बाय ५००, पण दिसतं त्याहून बारीक. त्यावर त्याने मेन्यू लावला होता. तो काढून, चढावर वजनाने ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात तो क्षण लावला. नाव केलं 'डबल ट्रॉली'. टॅग दहापर्यंत देता येतात, त्याने 'गेम', 'फन', 'इंडी' असे दिलेले. तिथे सगळेच गेम आहेत, 'गेम' हा टॅग कोण शोधणार? त्याऐवजी गाडी चालवणं, तोल, रात्र असे दिले. शेती द्यायचा का यावर वाद झाला. त्याचं म्हणणं, यात शेती कुठे आहे, ऊस तर तोडून झालाय. मला पटलं, नाही दिला. ट्रेलर पहिल्या सेकंदाला ट्रॉली कलंडण्यापासून सुरू केला.

त्यानंतर त्याच्या पानावर बाहेरची माणसं यायला लागली. एका परदेशी खेळणाऱ्याने खाली लिहिलं, गेम छान आहे, पण ट्रॅक्टरवर एवढा मोठा स्पीकर कशासाठी, आणि तो सारखा का वाजतो? पोराने तो मजकूर मला पाठवला आणि विचारलं, "ताई, आवाज काढून टाकू का?" मी म्हटलं, सेटिंगमध्ये बटण दे, पण सुरू होताना फुल्लच असू दे.