कुत्र्याचा आकस्मिक आजार : वेळीच ओळखावयाची लक्षणे

१९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ज्या फैजपूरने पाहिले, त्याचा परिसर आज केळीच्या बागांसाठी ओळखला जातो. या बागांची राखण करणारा कुत्रा आजारी पडल्यास मात्र म्हशीइतकी तत्परता त्याच्या वाट्याला क्वचितच येते. एखाद्या वेळी अन्न टाकणे वा गवत खाऊन एकदा ओकणे ही चिंतेची बाब नव्हे. परंतु काही लक्षणांत तासाभराचा विलंबही जिवावर बेततो.

प्रथम हिरड्या पाहाव्यात. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी व ओलसर असतात आणि बोटाने दाबून सोडल्यास दोन सेकंदांच्या आत रंग परततो. त्या पांढऱ्याफटक दिसल्यास अंतर्गत रक्तस्राव किंवा गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने आलेला रक्तक्षय संभवतो. निळसर झाल्यास प्राणवायू अपुरा पडत आहे असे समजावे.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उन्हात सतत धापा टाकणे, दाट लाळ गळणे, झोकांड्या जाणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

फवारणीनंतर लाळेचा पूर, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचा थरकाप वा झटके दिसल्यास कीटकनाशकाची विषबाधा गृहीत धरावी. मीठ पाजून ओकारी काढण्याचा प्रघात घातक आहे. औषधाचा डबा वा त्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधांवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. सर्पदंशाची शंका असल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये.

लसीकरण न झालेल्या पिलाला वारंवार ओकाऱ्या व रक्तमिश्रित, उग्र दर्पाची हगवण लागली, तर ती बहुधा पार्व्हो विषाणूची असते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या या रोगात शरीरातील पाणी झपाट्याने घटते.

सर्वांत फसवे लक्षण जबडा लोंबण्याचे. पाणी गिळता येत नाही, लाळ गळते; घशात हाडूक अडकले असावे अशा समजुतीने घरचा माणूस तोंडात हात घालतो. हा रेबीजही असू शकतो, आणि पिसाळलेला कुत्रा चवताळलेलाच असतो ही समजूत चुकीची आहे. स्वभाव एकाएकी पालटलेल्या कुत्र्यास हात न लावता शक्य तर एकटे कोंडावे व पशुवैद्यकास कळवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळेचा स्पर्श झालेल्या माणसाने ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. लक्षणे उमटल्यावर या रोगावर खात्रीचा उपाय नाही.

पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवता येईल. दूरध्वनी करताना लक्षणे केव्हा सुरू झाली, पोटात काय गेले आणि रेबीजची लस केव्हा टोचली, एवढे सांगावे.