परवान्याचा हक्क कसा झाला?

सुटीच्या दिवशी कुदळ, फावडे आणि चाळणी घेऊन एखादे कुटुंब सरकारी जंगलात सोने शोधावयास निघाले, असे सांगितल्यास वाचकांस ती कल्पित कथा वाटेल. परंतु ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात हा पुष्कळांचा आवडता छंद आहे. त्यास तेथे ‘फॉसिकिंग’ म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे नाव ‘मायनर्स राइट’, म्हणजे खाणकऱ्याचा हक्क, असे आहे. परवान्यास हक्क का म्हणावे, याचे उत्तर इतिहासात सापडते.

१८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडले आणि शेत, दुकान, जहाज सोडून माणसे तिकडे धावली. त्याच वर्षी सरकारने दरमहा ३० शिलिंगांचा परवाना सक्तीचा केला. सोने लाभो वा न लाभो, पैसे भरलेच पाहिजेत. भरणाऱ्यास त्यामुळे मताधिकार मात्र मिळत नसे. परवाने तपासण्यासाठी पोलीस खड्ड्याखड्ड्यांतून फिरत. असंतोष साचत गेला. ३ डिसेंबर १८५४ रोजी बलारत येथे खाणकऱ्यांनी उभारलेल्या युरेका तटबंदीवर सैनिकांनी हल्ला केला. वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

पुढच्याच वर्षी नियम पालटले. मासिक परवाना रद्द झाला. वर्षाला १ पौंड भरणाऱ्यास ‘मायनर्स राइट’ मिळू लागला आणि त्याबरोबर मतही. उरलेला महसूल सोन्याच्या निर्यातीवर कर बसवून उभारण्यात आला. ज्यास सोने मिळे, त्याच्यावरच त्याचा भार पडे.

आज हा परवाना दहा वर्षे चालतो. तो बाळगणाऱ्यास सरकारी जंगलात हातातील अवजारे व धातुशोधक यंत्र वापरता येते. मात्र झाडेझुडपे उपटू नयेत आणि खणलेला खड्डा बुजवावा, असे बंधन आहे. ज्या आदिवासींच्या भूमीत हे सोने निघाले, त्यांचा विचार १८५५ साली झाला नव्हता. आता त्यांच्या प्राचीन स्थळांना व दगडी हत्यारांना धक्का लावणे हा अपराध आहे.

बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत मात्र खणण्यास मनाई आहे. म्हणूनच २०२१ साली वॉम्बॅट जंगलाच्या काही भागास राष्ट्रीय उद्यान करण्याचे राज्यसरकारने जाहीर केले, तेव्हा छंदप्रेमींत चिंता उत्पन्न झाली. वन राखावे, हे त्यांसही मान्य असते. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही.

आपल्याकडील नियम निराळा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनात सापडणारे दगड व खनिजे हीदेखील ‘वनोत्पन्न’ ठरतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळात सुंदर स्फटिक आढळतात. मुलांना त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु राखीव वनातून ते उचलण्यापूर्वी वनाधिकाऱ्यांस अवश्य विचारावे.

सार्वजनिक वन हे सर्वांचे असते. सरकारने मनमानी कर घेतला, तर नागरिक दुरावतो. नागरिकाने खड्डा उघडा टाकला, तर वन उजाड होते. ज्या नियमात दोघांचीही जबाबदारी स्पष्ट असते, तोच नियम लोक आपला मानतात.