हाकणारा कुत्रा आणि भांडणारा कुत्रा

मैदानावर दुसरा कुत्रा दिसताच बॉर्डर कॉली मान खाली घालतो, पोट जमिनीला लागेल इतका वाकतो आणि नजर न हलवता एकेक पाऊल पुढे सरकतो. मग एकदम सुटतो आणि मोठा वळसा घेऊन समोरच्याच्या वाटेत आडवा येतो. बघणाऱ्याला हा हल्ल्याचा पवित्रा वाटतो. बहुतेक वेळा तो तसा नसतो. मेंढ्या वळवण्याचे कसब भलत्याच जनावरावर चाललेले असते, इतकेच.

या कसबाचे मूळ शिकारीत आहे. लांडगा सावज हेरतो, नजर रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून यातले सुरुवातीचे टप्पे ठळक केले आणि पकडून मारण्याचे टप्पे दाबून टाकले. नॉर्थम्बरलँडमधील ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ न भुंकता, निव्वळ नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवत असे. बॉर्डर कॉली जातीचा मूळपुरुष तोच मानला जातो. सगळ्या जातींची रीत मात्र एक नाही. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग हे गुरे हाकणारे, म्हणून ते मागच्या पायांना चिमटीसारखा चावा घेतात. आपल्याकडे घरोघरी दिसणारा जर्मन शेफर्डही मूळचा मेंढ्यांचाच. कळपाच्या कडेने धावत राहून मेंढ्या पिकात शिरू न देणे हे त्याचे काम. धनगरांच्या कळपाबरोबरचा कुत्रा या पंक्तीत बसत नाही. तो मेंढ्या हाकण्यापेक्षा लांडग्यापासून राखतो, त्यामुळे परक्या कुत्र्यावर तो धावून गेला तर ती खरीच धमकी समजावी.

फरक ओळखायचा तर एखाद्या खुणेवर भिस्त ठेवून भागत नाही. रोखलेली नजर दोन्हीकडे असते, आणि पाठीवरचे केस नुसत्या उत्तेजनेनेही उभे राहतात. अंगाची ठेवण अधिक बोलकी. हाकणाऱ्याचे डोके आणि शेपूट खाली असते, चाल मांजरासारखी लवचिक असते, तो वळसा घालून येतो, मध्येच थांबतो किंवा बसकण मारतो. भांडायला निघालेला कुत्रा सहसा ताठरतो. वजन पुढच्या पायांवर येते, शेपूट वर ताठ होते, तोंड घट्ट मिटते, ओठ उचलून दात दिसतात, खोल गुरगुर ऐकू येते. तो सरळ समोरून येतो आणि चावा मान किंवा तोंडाच्या रोखाने असतो. भ्यालेला कुत्रा मात्र शेपूट पायांत घालून, कान पाडूनही चावतो, हे विसरू नये.

सर्वांत उपयोगी खूण पुढे काय होते त्यात आहे. हाकणाऱ्याला हवी असते ती हालचाल आणि तिच्यावरचा ताबा. समोरचा कुत्रा थांबला की त्याचा रस ओसरतो, किंवा तो नुसता पाहत उभा राहतो. भांडखोराला समोरचा दूर जायला हवा असतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी जागचा हलला नाही तर त्याचा ताठा वाढतच जातो.

हेतू निरुपद्रवी म्हणून परिणामही तसाच होईल, असे मात्र नाही. कुत्र्यांच्या जगात टक लावून पाहणे हा उद्धटपणा. नजरेखाली आणि सततच्या आडवे येण्याखाली सापडलेला कुत्रा वैतागून उलटतो आणि खरे भांडण जुंपते. त्यात दोष दिला जातो तो बिचाऱ्या उलटणाऱ्याला. म्हणून ‘ही तर त्याची जातच’ असे म्हणून हाताची घडी घालून बसणे चूक. दुसरा कुत्रा तोंड फिरवत असेल, मालकाच्या पायांमागे लपत असेल किंवा पळायला वाट शोधत असेल, तर आपला कुत्रा परत बोलवावा. हाक मारायची ती दबा धरण्याच्या वेळीच, कारण पाठलाग सुरू झाल्यावर कान बंद होतात. हाकेला येईपर्यंत लांब पट्टा बरा. ब्रिटनमधले मेंढपाळ ‘लाय डाउन’ म्हणून कुत्र्याला जागीच बसवतात आणि ‘दॅटल डू’ म्हणून काम संपल्याचे सांगतात. घरच्या कुत्र्यालाही असे दोन हुकूम शिकवता येतात. चेंडू आणणे, वासाने वस्तू शोधणे अशा कामांत त्याची ऊर्जा खर्ची पडते.

गुरगुरण्याबद्दल मार देऊ नये. मार खाऊन कुत्रा इशारा द्यायचा थांबतो, चावायचा नव्हे. एरवी मिळूनमिसळून राहणारा कुत्रा अचानक इतर कुत्र्यांवर धावू लागला, तर आधी पशुवैद्यांकडून सांधे, दात, कान तपासून घ्यावेत. अशा बदलामागे पुष्कळदा दुखणे असते. जखम होईल असा चावा एकदा जरी घेतला गेला, तरी पुढचे शिकवणे जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि तोंडाला जाळी बांधूनच करावे.