गौताळ्यातली श्रमदान सहल : कचरा उचला, पण आधी मोजा



'मुलांना जंगलात श्रमदानाला नेऊ' असं ठरतं, पण तिथे नेमकं करायचं काय, हे ठरत नाही. मग हातमोजे घालून फोटो निघतात आणि पुढच्या रविवारी तोच कचरा परत तिथेच! दोन दिवसांची सहल उपयोगी कशी करता येईल, ते पाहू.

जागा कोणती?

छत्रपती संभाजीनगरहून साधारण 65 किमीवर कन्नड, आणि त्याला लागून गौताळा औट्रमघाट अभयारण्य. 1986 मध्ये जाहीर झालेलं, सुमारे 260 चौ. किमी.चं हे जंगल आपल्या आणि जळगाव जिल्ह्यात पसरलंय. इथे मराठवाड्याचं पठार संपतं आणि जमीन एकदम खानदेशात उतरते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर ओढ्यांनी कापून खोल दऱ्या केल्या. अशाच एका दरीत पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पुस्तकातलं 'नदीचं कार्य' इथे डोळ्यांनी दिसतं.

बिबट्या, अस्वल, चिंकारा, नीलगाय, वानरं ही इथली रहिवासी. 2021 मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत इथे पोहोचला! मात्र प्राणी दिसतीलच असं मुलांना सांगू नका. पायाचे ठसे, विष्ठा, पिसं ओळखणं हाही अभ्यासच आहे.

जाण्याआधी

- वन विभागाची लेखी परवानगी घ्या. लेण्यांच्या परिसरात काम करायचं असेल तर पुरातत्त्व विभागालाही विचारा.
- हिवाळा निवडा. पावसाळ्यात दरीतल्या ओढ्याचं पाणी अचानक वाढतं, उन्हाळ्यात वाळक्या गवताला आग लागते.
- मुक्काम कन्नडमध्ये करा.
- पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

प्रत्यक्ष काम

रस्त्याकडेची शंभर पावलं एका गटाला द्या. उचलण्याआधी वहीत नोंद : पाण्याच्या बाटल्या किती, वेफर्स-गुटख्याची पाकिटं किती, पत्रावळ्या-द्रोण किती. मग चिमट्याने उचला. काच फक्त मोठ्यांनी. दगड उलटू नका, खाली विंचू-साप असू शकतो. कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर लांबूनच मागे फिरा. धूर, अत्तर, आरडाओरडा नको.

वाळलेली पानं, पडलेली लाकडं हा कचरा नव्हे; तिथेच राहू द्या. पीस किंवा दगड आठवण म्हणून आणायचा नाही. वानरांना बिस्किटं तर अजिबात नकोत. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. खारट पाकिटं चघळताना जनावरांच्या पोटात प्लॅस्टिकही जातं. हे कारण कळलं की मुलं घरच्या मोठ्यांनाही टोकतात.

गोळा केलेला कचरा गावाच्या वेशीवर टाकून येऊ नका. तो कुठे द्यायचा, हे निघण्याआधीच ठरवा.

परतल्यावर

नोंदींचा स्तंभालेख काढा. सगळ्यात जास्त काय सापडलं, कुठे, का? वळणावरच्या थांब्यापाशी ढीग असेल तर तिथे फलक किंवा कचरापेटीची मागणी करणारं पत्र मुलांनीच वन विभागाला आणि ग्रामपंचायतीला लिहावं. गणित, भूगोल आणि मराठीचं पत्रलेखन एकाच वेळी होतं.

पुढच्या वर्षी त्याच शंभर पावलांवर पुन्हा मोजा. आकडा कमी झाला तर आनंदच. नाही झाला, तर 'का नाही?' यावर वर्गात बोला. श्रमदानाचा खरा धडा तिथून सुरू होतो.