हरणारा संघ सुधारतो आहे, हे ओळखावे कसे?

गावचा कबड्डीचा संघ लागोपाठ तीन जत्रांत पहिल्याच फेरीत गारद झाला, की पारावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "पोरं यंदा बरी खेळली. मागल्या साली वीस गुणांनी हरली होती, यंदा आठांनी." दुसरा तट तंबाखू मळता मळता विचारतो, "पण हरलीच ना?" रात्र होते, मंडळी उठून घरोघर जातात, वाद मात्र तिथेच राहतो.

हाच वाद अमेरिकेत महाविद्यालयांच्या बास्केटबॉल संघांवरून दर हिवाळ्यात होतो. त्या देशात या खेळाचे वेड मोठे आहे. आपला संघ हरत असला, तरी चाहते त्याला सोडून जात नाहीत. पण "संघ सुधारतो आहे की नाही?" या एका प्रश्नावर त्यांच्यात एकमत होत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायला एका संघाची गोष्ट फार उपयोगी पडते. तो संघ कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरातल्या कॅलटेक या संस्थेचा.

हुशारांचा, पण हरणारा संघ

कॅलटेक म्हणजे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. मंगळावर याने पाठवणारी प्रयोगशाळा हीच संस्था चालवते. लायनस पॉलिंग, रिचर्ड फाइनमन यांच्यासारखे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ इथे शिकवून गेले. पदवीचे विद्यार्थी अवघे हजाराच्या आसपास. खेळात चांगला म्हणून इथे प्रवेशाची अट सैल होत नाही. हा संघ ज्या तिसऱ्या विभागात खेळतो, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही देता येत नाही. त्यामुळे संघात येणारी मुले आधी गणिताची नि पदार्थविज्ञानाची, मग बास्केटबॉलची.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९९६ पासून हा संघ आपल्या विभागातल्या संघांशी सलग २०७ सामने हरला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या महाविद्यालयांच्या साखळीत तर त्याची स्थिती आणखी वाईट होती. त्या साखळीतला एक सामना त्याने जानेवारी १९८५ मध्ये जिंकला आणि त्यानंतर सलग ३१० सामने हरला. महाविद्यालयात मुलगा चार वर्षे खेळतो. म्हणजे कितीतरी मुले आली, चार वर्षे घाम गाळला, आणि साखळीतला एकही विजय न पाहता पदवी घेऊन गेली. हरणे तर होतेच. पण आपण पुढे चाललो आहोत की जागच्या जागी पाय आपटतो आहोत, हे न कळणे त्याहून कठीण.

फरक कमी झाला, म्हणजे सुधारणा झाली का?

बास्केटबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू. जमिनीपासून दहा फूट उंचीवर लोखंडी कडे, त्याला जाळी. त्यातून चेंडू टाकला की दोन गुण, लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडून अडवले, तर उभे राहून बिनअडथळ्याची फेक मिळते, तिचा एक गुण. पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात. चेंडू एका बाजूकडे आला की ठरावीक सेकंदांत फेक करावीच लागते. ही मुदत पूर्वी ३५ सेकंदांची होती, २०१५ पासून ३० सेकंदांची आहे. चेंडू हाती आल्यापासून तो दुसऱ्याकडे जाईपर्यंतच्या खेळाला आपण 'पाळी' म्हणू.

२००२ साली रॉय डाव हे प्रशिक्षक कॅलटेकला आले. त्यांनी मुलांना धावाधाव कमी करायला लावली. चेंडू शांतपणे फिरवायचा आणि नेमकी संधी दिसेल तेव्हाच फेकायचा, असा खेळ बसवला. हळूहळू पराभवातला फरक कमी होऊ लागला. असे झाले की चाहत्यांपैकी आशावादी म्हणतात, "बघा, सुधारणा!" आणि हिशेबी मंडळी म्हणतात, "थांबा जरा."

वाचकहो, इथे हिशेबी मंडळींचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. समजा, एका सामन्यात दोन्ही संघांना ऐंशी-ऐंशी पाळ्या मिळाल्या. आपण ४० गुण केले, त्यांनी ८०. चाळीस गुणांनी हरलो. पुढच्या साली खेळ संथ केला, पाळ्या पन्नास-पन्नासच झाल्या. आपण २५ केले, त्यांनी ५०. आता पंचवीसच गुणांनी हरलो! पण नीट पाहा: दोन्ही वेळा आपण एका पाळीला अर्धा गुण केला, त्यांनी एक. सुधारणा काडीचीही नाही, फक्त खेळ आखूड झाला.

तेच पन्नास पाळ्यांत आपण ३० केले आणि त्यांना ४५ वर रोखले, तर मात्र ती खरी सुधारणा.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कोणी सांगितले, "औंदा चाळीस क्विंटल ज्वारी झाली," तर आपण लगेच विचारतो, "किती एकरात?" एकरी उतारा कळल्याशिवाय नुसत्या पोत्यांना अर्थ नाही. बास्केटबॉलमधला एकरी उतारा म्हणजे पाळीमागे गुण. अमेरिकेतले जाणते चाहते हल्ली शंभर पाळ्यांमागे आपण किती गुण केले आणि किती दिले, असाच हिशेब मांडतात.

मात्र संथ खेळ म्हणजे फसवणूक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पाळ्या जितक्या कमी, तितका नशिबाला वाव जास्त. शंभर वेळा झुंज झाली तर बलवानच पुढे राहतो. दहा वेळा झाली तर दुबळ्यालाही संधी असते. हुशार मुलांचा दुबळा संघ आणखी काय करणार?

पहिला विजय आणि नवा वाद

६ जानेवारी २००७ रोजी तो दिवस उगवला. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड महाविद्यालयाचा संघ पॅसाडिनाला आला होता. कॅलटेकने त्याला ८१ विरुद्ध ५२ असे हरवले. २०७ पराभवांची माळ तुटली. निसटता विजय नव्हे, चांगला २९ गुणांचा!

मग वाद मिटला म्हणावे, तर तसेही नाही. बार्ड हा त्यांच्या साखळीतला संघ नव्हता. साखळीतले नेहमीचे प्रतिस्पर्धी अजून भारीच होते, आणि तिथली हार पुढे आणखी चार वर्षे चालूच राहिली. म्हणून दुसरी कसोटी अशी, की विजय पाहताना तो कोणाविरुद्ध मिळाला हेही पाहावे. पाऊस चांगला झाला त्या साली साऱ्या शिवाराचेच पीक बरे येते. आपली मशागत सुधारली का, हे बांधाला बांध लावून शेजारच्या पिकाशी ताडून पाहिले तरच कळते.

२००८ साली डाव गेले आणि ऑलिव्हर एस्लिंगर हे नवे प्रशिक्षक आले. २२ फेब्रुवारी २०११ रोजी हंगामातला अखेरचा सामना होता, घरच्याच मैदानावर, साखळीतल्याच ऑक्सिडेंटल महाविद्यालयाविरुद्ध. सामना संपायला तीन-साडेतीन सेकंद उरले असताना गुण बरोबरीत होते. शेवटच्या वर्षाला असलेला रायन एल्मक्विस्ट हा विद्यार्थी बिनअडथळ्याच्या फेकीसाठी उभा राहिला. चेंडू जाळीतून गेला. ४६ विरुद्ध ४५. सव्वीस वर्षांनंतर साखळीतला पहिला विजय! विद्यार्थी मैदानात धावत आले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ती फेक कड्यावर आपटून बाहेर गेली असती आणि सामना हातचा निसटला असता, तर हारजीत उलटी लागली असती. पण संघ तर तोच होता ना? एका गुणाने हरलेला संघ आणि एका गुणाने जिंकलेला संघ यांच्या ताकदीत फरक नसतो. म्हणजे त्या संध्याकाळी संघ सुधारला असे नव्हे. तो आधीच सुधारलेला होता, त्या संध्याकाळी फक्त सर्वांना दिसला. "पण हरलीच ना?" म्हणणाऱ्याला ही गोष्ट शेवटच्या सेकंदापर्यंत दिसत नाही. आणि उलट, एका विजयाने हुरळून जाणाराही तितकाच चुकतो. तिसरी कसोटी ही, की एका सामन्यावरून काही ठरवू नये, दोन-तीन हंगामांची चाल पाहावी.

चोपण जमिनीसारखे

ज्यांनी चोपण जमीन सुधारली आहे त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. चर काढले, जिप्सम टाकले, ताग किंवा धैंचा गाडला, तरी पहिल्या साली खळ्यावर फारसे काही दिसत नाही. लोक हसतात. पण जाणता शेतकरी आधी पोती मोजत नाही. पावसाचे पाणी पूर्वी दोन-दोन दिवस साचून राहायचे, ते आता लवकर मुरते का, हे तो पाहतो. ढेकूळ हातात घेऊन सहज फुटते का, हे पाहतो. उत्पन्न शेवटी वाढते; खुणा आधी दिसतात.

संघाच्या खुणाही तशाच. चेंडू हातचा जाण्याचे प्रमाण घटते का? अवघड जागेवरून घाईने फेकण्याचे प्रमाण कमी होते का? शेवटच्या पाच मिनिटांत मुले दमून माना टाकतात, की उभी राहतात? आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे जुनी मुले पदवी घेऊन गेल्यावर येणारी नवी मुले त्यांच्यापेक्षा बरी असतात का? महाविद्यालयाचा संघ म्हणजे दर चार वर्षांनी उपटून पुन्हा लावायचे रोप. रोपवाटिका चांगली झाली नाही, तर एका चांगल्या रोपाचे कौतुक फार दिवस टिकत नाही.

या खुणा नसतील, तर मात्र धीर धरणे आणि हट्ट धरणे यांत फरक राहत नाही. वर्षानुवर्षे तेच बियाणे, तीच मशागत, आणि "पुढल्या साली बघू" म्हणायचे, याला आशा म्हणत नाहीत.

या खेळाची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून हा खेळ सुरू केला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. तिथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठात आजवर झालेल्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले ते एकटेच. ज्यांनी खेळ निर्माण केला त्यांचाच हा हिशेब! पण त्यांनी लावलेले रोप जगभर पसरले.

म्हणून पुढच्या वेळी पारावर वाद रंगला, की विचारा: हरलो, पण एकरी उतारा किती? समोर कोण होते? गेल्या दोन-तीन सालांची चाल कशी आहे? आणि मागून येणारी पोरे कशी आहेत? घरात एखादे लेकरू गणितात मागे पडत असेल, तर त्याला शाळेतून काढण्याआधी हेच चार प्रश्न त्याच्यासाठीही विचारून पाहा. पस्तीसला दोन गुण कमी पडले एवढेच प्रगतिपुस्तक सांगते. मागच्या साली त्याला भागाकार येत नव्हता आणि आता येतो, हे मात्र शेजारी बसणाऱ्या आईलाच ठाऊक असते.