चिन्हरूप वस्तुरेखन

नित्याच्या वापरातील वस्तूचे हुबेहूब चित्र न काढता, तिची ओळख पटण्यास पुरेशा अशा मोजक्या रेषांत व सपाट आकारांत केलेले तिचे रूपांतर. छायाप्रकाश, पोत, यथादर्शन व पार्श्वभूमी यांना त्यात बहुधा फाटा दिलेला असतो. जो तपशील काढून टाकला असता वस्तू ओळखू येत नाही, तेवढाच राखावयाचा, असे या रेखनाचे सर्वसाधारण तत्त्व होय. मात्र कोणता तपशील अपरिहार्य, हे केवळ वस्तूच्या घडणीवर ठरत नाही. ते पाहणाऱ्याच्या परिचयावरही अवलंबून असते. सूप हाताळलेल्या व्यक्तीला तीन बाजूंनी काठ असलेली व पुढे रुंद होत गेलेली एक चौकट पुरते. ज्याने सूप पाहिलेलेच नाही, त्याच्यापुढे बांबूची प्रत्येक पट्टी रेखाटली, तरी बोध होईलच असे नाही.

रूपांतराची पहिली पायरी म्हणजे वस्तूची बाजू निवडणे. प्रत्येक वस्तूला ओळख देणारी अशी एक बाजू असते. बैलगाडी बाजूने पाहिली म्हणजे चाक व जू दोन्ही दिसतात. शिडी समोरूनच ओळखू येते. जाते वरून पाहिल्यास केवळ वर्तुळ उरते, म्हणून एकावर एक दोन तळ्या व उभा खुंटा दाखवावा लागतो. लोककलाकार एकाच चित्रात दोन दिशांची दृश्ये बिनदिक्कत एकत्र करतात. यास अज्ञान समजण्याची चूक जुन्या कलासमीक्षेत पुष्कळदा झालेली आहे; वस्तुतः ती विचारपूर्वक केलेली निवड असते. साधनाचाही परिणाम मोठा. चिमटीतून सुटणारी रांगोळी सारख्या जाडीची, शक्यतो अखंड रेषा मागते, तर भांड्याच्या गोलाईवर फिरणारा कुंचला पट्टे व पुनरावृत्त आकृत्या सुचवितो.

महाराष्ट्रात या प्रकारचे अतिप्राचीन नमुने खानदेशात आढळतात. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा, शिंदखेडे, नरडाणा या स्थानकांच्या उत्तरेकडून तापी नदी वाहते. तिच्या काठच्या, तत्कालीन धुळे जिल्ह्यातील सावळदा या गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस व तिच्या मृत्पात्रांस सावळदा हे नाव मिळाले. ही भांडी मंदगती चाकावर घडविलेली, मध्यम ते जाड्याभरड्या पोताची असून त्यांवर जाड लेप दिलेला असतो. लेपास बारीक तडे गेलेले दिसतात. साक्री तालुक्यातील कवठे येथील उत्खननात या संस्कृतीची वसती उजेडात आली, तसेच प्रवरेकाठच्या दायमाबाद (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथील सर्वांत खालच्या थरातही हीच मृत्पात्रे मिळाली. दायमाबादचे विस्तृत उत्खनन शां. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात केले. या संस्कृतीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाचा उत्तरार्ध मानतात.

सावळदा भांड्यांवरील चित्रणात भौमितिक आकृत्यांबरोबरच बाणाग्रे, अनेक दात असलेली भाल्यासारखी हत्यारे, मासे व पक्षी आढळतात. नंतरच्या जोर्वे संस्कृतीतील मृत्पात्रांवर भौमितिक आकृत्यांचाच भर असल्याने सावळद्याचे हे वैशिष्ट्य विशेष उठून दिसते. हत्यार म्हणजे येथे एक दांडा व त्यास दोन्ही अंगांनी तिरकस फुटलेल्या आखूड रेषा. एवढ्यावरून अभ्यासक शिकार व मासेमारी यांविषयी अनुमाने बांधतात. परंतु हीच आकृती वनस्पतीची डहाळी म्हणूनही वाचता येते, आणि वाचन बदलले की अनुमानही बदलते. म्हणून खापरावरील आकृतीला उत्खननात प्रत्यक्ष सापडलेल्या हाडांचा व हत्यारांचा आधार मिळतो की नाही, हे पाहणे अगत्याचे असते. कुंभाराच्या समकालीनांना असा आधार शोधण्याची गरज नव्हती. ते हत्यार त्यांच्या घरात होते.

परंपरा अखंड राहिली म्हणजे काय होते, याचे उदाहरण चैत्रांगणात मिळते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत (खानदेशात आखाजी) अंगणात काढावयाच्या या रांगोळीत देव्हारा, शंख, चक्र, गोपद्मे यांच्या शेजारी फणी, आरसा, करंडा, पाळणा, पालखी, विंझणा अशा घरगुती वस्तू असतात. आकृत्यांची संख्या व क्रम घरागणिक बदलतो. पालखी व विंझणा आता बहुतेक घरांतून गेले. पण मुलगी आईकडून आकृती व नाव एकदमच शिकत असल्याने चिन्ह टिकून राहिले. वारली चित्रांतील दोन त्रिकोणांचे मनुष्यरूप आणि तारपा हे वाद्यही असेच पिढ्यान्‌पिढ्या एका हातातून दुसऱ्या हातात आलेले आहेत.

आधुनिक काळात व्हिएन्ना येथे ओटो नॉइराथ (१८८२–१९४५) व चित्रकार गेर्ट आर्न्ट्‌झ यांनी सांख्यिकीय माहिती सामान्यांना कळावी म्हणून वस्तुचिन्हांची पद्धती सिद्ध केली. भारतात मात्र या कलेची खरी कसोटी निवडणूक चिन्हांनी पाहिली. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता सु. १८ टक्के होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५१–५२) प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. पुढे एकाच मतपत्रिकेवर सर्व चिन्हे आली आणि आकार लहान झाला. सायकल, छत्री, शिडी, शिवणयंत्र यांसारख्या वस्तूंची अनेक रेखने निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने केली. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. काळ्या-पांढऱ्यात व लहान आकारातही ही चिन्हे स्पष्ट राहतात, कारण एका चिन्हात एकच वस्तू आहे.

हे पथ्य सुटले की अडचण उद्भवते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एका पक्षाचे चिन्ह तुतारी वाजविणारा माणूस हे होते, तर काही मतदारसंघांत अपक्षांना ट्रम्पेट हे पाश्चात्त्य वाद्य मिळाले आणि त्याचेही मराठी नाव तुतारी असेच छापले गेले. मतदारांची दिशाभूल झाल्याची तक्रार संबंधित पक्षाने आयोगाकडे केली. आकृत्या एकमेकींहून भिन्न होत्या. परंतु यंत्रावर माणूस व वाद्य मिळून झालेली आकृती बारीक दिसते, आणि मतदार नाव ध्यानात ठेवून येतो. तेव्हा चिन्हाची निवड करताना त्याला लोकभाषेत काय म्हणतात, हेही रेखनाइतकेच तपासावे लागते.

अलीकडे मुक्त चिन्हांच्या यादीत लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, सीसीटीव्ही कॅमेरा यांचाही समावेश झालेला आहे. अशा बऱ्याच वस्तूंना कात्री वा शिडीसारखा स्वतःचा बाह्याकार नसतो. रेषा कमी करीत गेल्यास शेवटी एक आयत उरतो. मोबाईल संचाच्या पडद्यावर दूरध्वनीचे चिन्ह म्हणून आजही जुन्या संचाचा वक्र मुठीचा भागच काढतात. तो कधी हातात न धरलेली मुलेही ते चिन्ह बिनचूक ओळखतात.