भरीत बिघडतं ते सोलताना!

थंडी पडली की जळगाव-धुळ्याच्या मळ्यांत भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलून ठेचायची, वर लसूण-मिरची-शेंगदाण्यांची फोडणी आणि कांद्याची पात. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. पाच-पन्नास माणसं सहज जेवतात.

मात्र अशा जेवणानंतर कधी कधी रात्री उलट्या सुरू होतात आणि दोष वांग्याला किंवा तेलाला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा हातांत असतं.

जाळावर वांगं आतपर्यंत शिजतं, तेव्हा बहुतेक जंतू मरतात. पण त्यानंतर ते हातानं सोललं जातं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू साधारण तीनांपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात असतो. पिकलेल्या जखमेत तो भरपूर सापडतो. नाकाला लागलेला हात भरिताला लागला आणि पातेलं कोमट अवस्थेत काही तास राहिलं, की जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानं नष्ट होत नाही. वास-चवही बदलत नाही. खाल्ल्यानंतर अर्ध्या ते आठ तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात.

उपाय सोपे आहेत. सोलणाऱ्यांनी साबणानं हात धुवावेत. बोटाला जखम असलेल्यानं दुसरं काम घ्यावं. वरून फोडणी ओतल्यानं मोठं पातेलं आतून तापत नाही. म्हणून ठेचलेलं भरीत लगेच फोडणीत घालून, वाफ येईपर्यंत परतावं. पात-कोथिंबीर स्वच्छ धुऊन शेवटी घालावी. भरीत दोन तासांत संपवावं. उरलंच तर ते पसरट ताटात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावं. रात्रभर पातेल्यात राहिलेलं सकाळी खाऊ नये.

त्रास झालाच तर ओआरएस घोट-घोट द्यावं. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर दवाखाना गाठावा.

पार्टीचं आमंत्रण नाकारायचं कारण नाही. मळ्यात जाळाशेजारी पाण्याचा हंडा आणि साबणाची वडी तेवढी आधी पोहोचली पाहिजे.